सीनरीचा क्रम पुन्हा पुन्हा का बिघडतो: एक्स-प्लेनमधील यादीची दुरुस्ती

पुण्याच्या लोहगाव विमानतळावर विमान उभे करून एक्स-प्लेन हे संगणकावरील उड्डाण-सिम्युलेटर (पुढे ‘सिम’) सुरू केले आणि समोर धावपट्टी, टॅक्सी-वे, दिवे असे सगळे जागच्या जागी दिसत असताना टर्मिनलची इमारत, हँगर आणि कुंपण मात्र नाहीसे झाले असेल, तर विमानतळाची सीनरी, म्हणजे त्याच्या इमारती व परिसर दाखवणारा फाइलींचा संच, खराब झाली असे समजून ती पुन्हा डाउनलोड करण्याच्या मागे लागू नये. मी तेच केले होते आणि त्यात तीन संध्याकाळी घालवल्या. सीनरीत काहीच बिघाड नव्हता. ज्या यादीत तिची नोंद असते, त्या यादीतील तिचा क्रम बदललेला होता. यादी हाताने नीट लावली, महिनाभर सर्व सुरळीत चालले आणि मग एके दिवशी टर्मिनल पुन्हा गायब झाले. क्रम कसा लावावा याची माहिती शोधली तर सापडते. लावलेला क्रम टिकत का नाही, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

खाली लिहिलेले एक्स-प्लेन ११ आणि १२ या दोन्ही आवृत्त्यांना लागू आहे; जेथे फरक आहे तेथे तो सांगितला आहे. फाइलींची व फोल्डरांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती अर्थातच रोमन अक्षरांतच दिसतील.

यादी कशी वाचली जाते

एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरात ‘कस्टम सीनरी’ नावाचा फोल्डर असतो आणि त्यात ‘सीनरी_पॅक्स.आयएनआय’ ही साधी मजकूर फाइल असते. नवव्या आवृत्तीपर्यंत सीनरीचा क्रम निव्वळ फोल्डरांच्या नावांच्या वर्णानुक्रमावर ठरत असे. दहाव्या आवृत्तीपासून हे काम या फाइलीकडे आले. फाइलीच्या डोक्यावर तीन ठरावीक ओळी असतात, त्यांना हात लावायचा नसतो. त्यांच्याखाली प्रत्येक पॅकेजची एक ओळ असते. ओळ जितकी वर, तितका त्या पॅकेजचा मान मोठा. ‘सीनरी_पॅक’ या शब्दाऐवजी ‘सीनरी_पॅक_डिसेबल्ड’ असे लिहिले, तर ते पॅकेज जागेवर राहते, पण वाचले जात नाही.

नीट लावलेली यादी साधारण अशी दिसते:

सीनरी_पॅक कस्टम सीनरी/१०_लोहगाव/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/१०_दाबोळी/
सीनरी_पॅक *ग्लोबल_एअरपोर्ट्स*
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/ओपनसीनरीएक्स/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/मिस्टरएक्स_लायब्ररी/
सीनरी_पॅक कस्टम सीनरी/वायऑर्थो४एक्सपी_ओव्हरलेज/
सीनरी_पॅक ई:/ऑर्थो/झेडऑर्थो४एक्सपी_+१८+०७३/

सर्वांत वर स्वतंत्रपणे घेतलेले विमानतळ, त्यांच्याखाली सिमसोबत येणारे सर्वसाधारण विमानतळ, मग लायब्ररी (अनेक सीनरींना सामाईक लागणाऱ्या वस्तूंचे संच), मग रस्ते, झाडे व घरे यांचे ओव्हरले आणि सर्वांत खाली जमिनीची मेश, म्हणजे तिच्या चढउतारांचा साचा. अकराव्या आवृत्तीत सर्वसाधारण विमानतळ ‘कस्टम सीनरी’मध्येच ‘ग्लोबल एअरपोर्ट्स’ या फोल्डरात असत. बाराव्यात ते तेथून हलवले गेले आणि यादीत त्यांची जागा दाखवणारी, दोन तारकांमध्ये लिहिलेली वरील ओळ आली. अकराची यादी उचलून बारामध्ये ठेवणाऱ्यांचा घोटाळा होतो तो याच ओळीपाशी, त्यामुळे जुनी यादी नव्या आवृत्तीत नेऊ नये.

आता या क्रमामागचे कारण. एक्स-प्लेनने पृथ्वीचे एक अंश गुणिले एक अंश असे चौकोन केलेले आहेत आणि प्रत्येक चौकोनासाठी एक डीएसएफ फाइल असते. चौकोनाला आपण टाइल म्हणतो आणि तिचे नाव नैर्ऋत्य कोपऱ्याच्या अक्षांश-रेखांशावरून पडते. लोहगाव ज्या टाइलमध्ये येते ती +१८+०७३. ती उत्तर-दक्षिण सुमारे १११ किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम सुमारे १०५ किलोमीटर आहे. तिच्यात पुणे, सिंहगड, लोणावळा, रायगड आणि पनवेलही येते. मुंबईचा सांताक्रूझचा विमानतळ +१९+०७२ मध्ये, तर कुलाबा आणि अलिबाग +१८+०७२ मध्ये. ही आकडेमोड एकदा हाताने करून पाहावी, पुढे तिचा फार उपयोग होतो.

डीएसएफ फाइली दोन जातींच्या असतात. एक जात जमिनीची, म्हणजे मेशची. दुसरी जमिनीवर ठेवायच्या वस्तूंची, म्हणजे ओव्हरलेची. एका टाइलमध्ये ओव्हरले कितीही चालतात, मेश मात्र एकच चालते. सिम यादी वरून खाली वाचत येते, त्या टाइलची पहिली मेश सापडली की ती स्वीकारते आणि त्या टाइलपुरते तिच्याखालचे सर्व डीएसएफ सोडून देते. खालची दुसरी मेश तर सोडतेच, पण खालचे ओव्हरलेही सोडते. अंगण सारवून झाल्यावर रांगोळी काढायची असते. रांगोळी काढून झाल्यावर कोणी अंगण पुन्हा सारवले तर रांगोळी उरत नाही. मेश यादीत विमानतळाच्या वर गेली की नेमके हेच होते.

मग धावपट्टी का शिल्लक राहते? कारण धावपट्ट्या, टॅक्सी-वे आणि दिवे यांची माहिती डीएसएफमध्ये नसून ‘एपीटी.डॅट’ या वेगळ्या फाइलीत असते आणि ती वाचण्याच्या आड मेश येत नाही. म्हणूनच ओसाड माळावर उघडी धावपट्टी हे लक्षण दिसले की बहुतेक वेळा पुढचे काही तपासण्याआधीच निदान झालेले असते: त्या टाइलची एखादी मेश यादीत वर सरकली आहे.

इतर लक्षणांवरून काय ओळखावे

टर्मिनल एकाऐवजी दोन दिसत असतील, एकात दुसरे घुसले असेल आणि विमाने भिंतीत उभी असतील, तर मेशचा संबंध नाही. तेथे विमानतळाचे पॅकेज ग्लोबल एअरपोर्ट्सच्या खाली गेलेले असते. एकाच आयकाओ संकेताचा (आंतरराष्ट्रीय ओळख-अक्षरांचा) विमानतळ दोन पॅकेजांत असेल, तर धावपट्ट्यांची माहिती वरच्याचीच घेतली जाते, परंतु इमारती दोन्हींच्या उभ्या राहू शकतात. चांगला सीनरीकार आपल्या पॅकेजमध्ये वर्जित क्षेत्र आखून ठेवतो, म्हणजे अमुक चौकटीत खालच्या पॅकेजांच्या वस्तू येऊ नयेत असे लिहून ठेवतो. पण हा नियम फक्त खालच्यांना लागू पडतो, वरच्यांना नाही. त्यामुळे पॅकेज खाली गेले की त्याने केलेली मनाईही व्यर्थ जाते. विमानतळाची नवी आवृत्ती वेगळ्या नावाच्या फोल्डरात आली आणि जुना फोल्डर काढायचा राहिला, तरीही असेच दुहेरी चित्र दिसू शकते.

ॲप्रनमधून, म्हणजे विमाने उभी करण्याच्या जागेतून, रस्ता जात असेल किंवा धावपट्टीवर झाडे उगवली असतील, तर रस्ते-झाडांचा ओव्हरले विमानतळाच्या वर गेला आहे असे समजावे. याउलट जमिनीचे छायाचित्र स्पष्ट आहे, डोंगर-नद्या ओळखू येतात, पण संपूर्ण प्रदेशात एकही घर किंवा झाड उभे नाही, सगळे चटईसारखे सपाट आहे, असे दिसले तर ऑर्थो४एक्सपीच्या (हवाई छायाचित्रांवरून जमिनीच्या टाइल बनवणाऱ्या साधनाच्या) टाइलसोबत तयार होणारा ओव्हरलेचा फोल्डर एक तर ‘कस्टम सीनरी’त ठेवायचाच राहिला आहे, नाहीतर तो टाइलच्या खाली गेला आहे.

‘अमुक सीनरी पॅकेजमध्ये अडचण आहे, लॉग फाइल पाहावी’ अशा अर्थाची खिडकी आली, तर बहुधा क्रमाचा प्रश्न नसतो, लायब्ररीचा असतो. विनामूल्य सीनरी ओपनसीनरीएक्स, मिस्टरएक्स, आरटू, सीडीबी अशा सामाईक लायब्ररींतील वस्तू वापरतात. त्यांपैकी एखादी लायब्ररी नसेल किंवा जुनी असेल, तर लॉगमध्ये ‘रिसोर्स सापडला नाही’ या अर्थाची ओळ येते आणि तिच्यातच हरवलेल्या वस्तूचा मार्ग व मागणाऱ्या पॅकेजचे नाव दिलेले असते. मार्गातील पहिला शब्द बहुतेक वेळा लायब्ररीचे नाव सांगून जातो. लायब्ररी आपापसांत कोणत्या क्रमाने आहेत याने सहसा काही बिघडत नाही. मूळ सिमच्या वस्तू बदलणाऱ्या काही लायब्ररी असतात, तेवढ्यांपुरता क्रम पाहावा.

विमानतळ कोठेच दिसत नसेल, अगदी धावपट्टीही जुनीच असेल, तर आधी फोल्डर उघडून पाहावा. झिप उघडताना फोल्डरात फोल्डर तयार होणे ही इतकी सामान्य चूक आहे की मी आता सर्वप्रथम तीच तपासतो. पॅकेजच्या फोल्डरात शिरल्याबरोबर ‘अर्थ नॅव्ह डेटा’ दिसला पाहिजे. तो आणखी एक पायरी आत असेल तर सिमला तो सापडत नाही.

लॉगमधील एक ओळ

यादी डोळ्यांनी वाचण्यापेक्षा लॉग वाचणे अधिक भरवशाचे असते, कारण यादी आपला हेतू सांगते आणि लॉग प्रत्यक्ष काय घडले ते सांगतो. ‘लॉग.टीएक्सटी’ ही फाइल एक्स-प्लेनच्या मुख्य फोल्डरात असते आणि प्रत्येक वेळी सिम सुरू करताना नव्याने लिहिली जाते. म्हणून बिघाड दिसला की सिम पुन्हा सुरू करण्याआधी तिची प्रत बाजूला काढावी.

लोहगावच्या बाबतीत मी लॉगमध्ये ‘+१८+०७३.डीएसएफ’ एवढे शोधले. ज्या-ज्या पॅकेजची ही टाइल वाचली गेली, त्या प्रत्येकाची ‘डीएसएफ लोड टाइम’ या शब्दांनी सुरू होणारी, पूर्ण मार्ग देणारी एक ओळ तेथे असते. सर्व काही ठीक असते तेव्हा मला चार ओळी मिळतात: लोहगावच्या पॅकेजची, ग्लोबल एअरपोर्ट्सची, ओव्हरलेची आणि ऑर्थो टाइलची. बिघाडाच्या दिवशी एकच ओळ होती, ऑर्थो टाइलची. बाकीच्या तीन फाइली संगणकावर होत्या, निर्दोष होत्या, पण त्यांना कोणी हाक मारलेली नव्हती. तीन संध्याकाळी मी जे केले त्याऐवजी हा शोध घेतला असता, तर पाच मिनिटांत उत्तर मिळाले असते.

क्रम पुन्हा का बिघडतो

ही फाइल आपण लिहिली तरी तिची मालकी आपली नसते. सिम दर वेळी सुरू होताना यादी आणि ‘कस्टम सीनरी’ फोल्डर यांची तुलना करते. यादीत आहे पण फोल्डरात सापडत नाही, अशी ओळ काढून टाकली जाते. फोल्डरात आहे पण यादीत नाही, असे पॅकेज यादीच्या डोक्यावर लिहिले जाते. नवीन विमानतळ टाकणाऱ्याला हा नियम सोयीचा आहे, कारण नवा विमानतळ आपोआप वर जातो आणि लगेच दिसतो. मेश किंवा ओव्हरले टाकणाऱ्याला मात्र तोच नियम घातक ठरतो, कारण त्या वस्तूंची जागा तळाशी असते आणि त्या येतात शेंड्यावर.

आता ऑर्थो टाइलचा विचार करावा. त्या आकाराने मोठ्या असतात. झूमची पातळी एकाने वाढवली की चित्राचे बिंदू चौपट होतात, त्यामुळे कोकण किनारा आणि सह्याद्री चांगल्या पातळीवर बनवायचा म्हटला की संगणकाची आतील डिस्क पुरत नाही. मग टाइल बाहेरच्या डिस्कवर ठेवल्या जातात आणि ‘कस्टम सीनरी’त त्यांचे शॉर्टकट ठेवले जातात. विंडोजवर एक्स-प्लेन असे शॉर्टकट समजून घेते आणि यादीत डिस्कच्या अक्षरासह पूर्ण मार्ग लिहिते. वरच्या यादीतील शेवटची ओळ तशीच आहे.

पहिल्या वेळी माझी डिस्क जोडलेलीच नव्हती. जुहूच्या धावपट्टीवर दहा मिनिटे फेऱ्या माराव्यात म्हणून घाईने सिम सुरू केले, ऑर्थो दिसले नाही तरी त्या सरावात काही अडले नाही, म्हणून दुर्लक्ष केले. त्या दहा मिनिटांत यादीतून सर्व ऑर्थो टाइल पुसल्या गेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी डिस्क जोडली, सिमला त्या टाइल नव्या पाहुण्यांसारख्या भेटल्या आणि त्याने त्यांना मानाने सर्वांत वर बसवले.

दुसऱ्या वेळी डिस्क जोडलेली होती, म्हणून मी अधिक चक्रावलो. शोध घेता असे निघाले की त्या दिवशी मी आधी पेन ड्राइव्ह लावला होता. विंडोजने ‘ई’ हे अक्षर त्याला देऊन टाकले आणि माझ्या डिस्कला ‘एफ’ मिळाले. शॉर्टकट ‘ई’कडे बोट दाखवत होते, तेथे टाइल नव्हत्या, ओळी पुसल्या गेल्या. पुढच्या वेळी पेन ड्राइव्ह नव्हता, डिस्क पुन्हा ‘ई’ झाली आणि टाइल पुन्हा शेंड्यावर. एका पेन ड्राइव्हने लोहगावचे टर्मिनल पाडले, असे कोणाला सांगितले तर ते खरे वाटणार नाही, पण घडले ते एवढेच.

तिसरे कारण साधे आहे: फोल्डरचे नाव बदलणे. आवृत्तीचा क्रमांक नावात घालणारे सीनरीकार असतात. प्रत्येक अद्यतनासोबत जुने नाव जाते, नवे नाव वर येते. विमानतळाच्या बाबतीत हे निरुपद्रवी असते, मेशच्या बाबतीत नसते.

पुन्हा बिघडू नये म्हणून

सर्वप्रथम डिस्कचे अक्षर पक्के करावे. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन बाहेरच्या डिस्कला वर्णमालेच्या शेवटाकडचे एखादे अक्षर द्यावे, म्हणजे पेन ड्राइव्ह किंवा कॅमेऱ्याचे कार्ड ते बळकावणार नाही. मी ‘टी’ दिले आहे. अक्षर बदलल्यावर शॉर्टकट नव्याने करावे लागतात आणि त्या एका वेळेपुरती यादी पुन्हा हाताने लावावी लागते, हे गृहीत धरावे. वर दाखवलेल्या यादीत ‘ई’ आहे, ती या बदलाच्या आधीची आहे.

यानंतर फोल्डरांची नावे अशी ठेवावीत की वर्णानुक्रमच योग्य क्रम ठरेल. यादीची फाइल जागेवर नसेल, तर सिम सर्व पॅकेजे वर्णानुक्रमाने लावून नवी यादी बनवते. ऑर्थो४एक्सपी आपल्या टाइलच्या नावाआधी इंग्रजी वर्णमालेतील शेवटचे अक्षर आणि ओव्हरलेच्या नावाआधी त्याच्या अलीकडचे अक्षर लावते, ते याच हेतूने. मी विमानतळांच्या नावांआधी ‘१०_’, स्थलचिन्हांच्या आधी ‘२०_’ असे लिहितो. अंक दोनच ठेवावेत. एकाने एक आकडा आणि दुसऱ्याने दोन आकडे वापरले, तर ‘१०’ हा ‘२’च्या आधी येतो आणि सगळी आखणी फसते. लायब्ररींची नावे मात्र बदलू नयेत. त्यांच्या क्रमाने सहसा फरक पडत नाही, आणि ओपनसीनरीएक्ससारखी लायब्ररी स्वतःच्या इन्स्टॉलरने अद्ययावत होते. त्याला ओळखीचा फोल्डर सापडला नाही तर तो शेजारी दुसरी प्रत उतरवून मोकळा होईल.

अशी नावे असली की यादी कितीही विस्कटली तरी उपाय एकच राहतो: सिम बंद करावे, यादीची फाइल दुसरीकडे हलवावी, डिस्क जोडलेली असल्याची खात्री करून सिम सुरू करावे आणि नवी यादी बनल्यावर ते बंद करून ग्लोबल एअरपोर्ट्सची ओळ कोठे पडली आहे ते पाहावे. ती स्वतंत्र विमानतळांच्या खाली आणि पहिल्या मेशच्या वर असली पाहिजे. नसेल तर तेवढी एक ओळ हाताने हलवावी. यात एक तोटा आहे: ज्या पॅकेजांना आपण ‘डिसेबल्ड’ केले होते ती सर्व पुन्हा जागी होतात. म्हणून जुनी फाइल फेकू नये.

हाताने बदल करताना सिम बंद असले पाहिजे, कारण यादी फक्त सुरुवातीला वाचली जाते. फाइल नोटपॅडमध्येच उघडावी. ‘सेव्ह ॲज’ केले तर विंडोज नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ जोडू शकते आणि फाइलनावांचे विस्तार लपवलेले असल्यामुळे ते दिसतही नाही. मग आपण बदललेली फाइल एक असते आणि सिम वाचते ती दुसरी. विस्तार दिसण्याची सोय आधी सुरू करून घ्यावी.

यादी नीट लागली की तिची प्रत ‘कस्टम सीनरी’च्या बाहेर, तारखेसह ठेवावी. याच्या पुढची पायरी म्हणून मी एक चार ओळींची बॅच फाइल (विंडोजला ओळीने आज्ञा देणारी मजकूर फाइल) लिहिली आहे. ती आधी ‘टी’ डिस्कवर ऑर्थोचा फोल्डर आहे का ते पाहते. नसेल तर ‘डिस्क जोडा’ एवढे दाखवून थांबते आणि सिम सुरूच करत नाही. असेल तर जपून ठेवलेली यादी जागेवर ठेवून सिम सुरू करते. डेस्कटॉपवर आता सिमचे मूळ चिन्ह ठेवलेले नाही, याच फाइलीचे आहे, कारण घाईच्या वेळी हात जुन्या चिन्हाकडेच जातो. नवीन सीनरी टाकल्यावर जपलेली प्रत बदलावी लागते, एवढे मात्र लक्षात ठेवावे लागते. ते विसरले की नवे पॅकेज प्रत्येक वेळी वरच येत राहते.

यादी आपोआप लावून देणारी काही साधने विनामूल्य मिळतात. शेकडो पॅकेजे असलेल्यांना ती उपयोगी पडतात, परंतु त्यांचा काही निर्णय अंदाजाने होतो आणि पुढे सांगितलेल्या प्रकरणात तो अंदाज चुकू शकतो, म्हणून साधन चालवल्यावरही तळाचा भाग स्वतः वाचावा.

दोषी पॅकेज ओळखू येत नसेल तर

लक्षणांवरून काहीच लागत नसेल, तर निम्म्या-निम्म्याने शोधावे. यादीतील अर्धी पॅकेजे ‘डिसेबल्ड’ करून सिम सुरू करावे. बिघाड राहिला तर दोषी उरलेल्या अर्ध्यांत, गेला तर बंद केलेल्या अर्ध्यांत. मग त्या अर्ध्याचे पुन्हा अर्धे. १२८ पॅकेजे असली तरी सात फेऱ्यांत एकावर येता येते. या काळात लायब्ररी चालूच ठेवाव्यात, नाहीतर हरवलेल्या वस्तूंच्या इशाऱ्यांची वेगळीच रांग लागते आणि मूळ शोध बाजूला राहतो. दोन पॅकेजे एकत्र आल्यानेच बिघाड होत असेल, तर ही रीत फसते. तेव्हा त्या टाइलपुरता लॉगच कामी येतो.

विमानतळासोबत आलेली मेश

शेवटचे प्रकरण क्रम लावून पूर्ण सुटत नाही. काही विमानतळांच्या सीनरीसोबत त्या परिसराची मेशही येते, कारण सीनरीकाराला धावपट्टीचा खरा उतार किंवा भोवतालची टेकडी दाखवायची असते. पॅकेज मग दोन फोल्डरांत येते: एक विमानतळाचा, दुसरा मेशचा. सूचनेत बहुधा असे लिहिलेले असते की मेशचा फोल्डर विमानतळाच्या खाली पण इतर सर्व मेशच्या वर ठेवावा. विमानतळापुरते ते बरोबरच आहे.

अडचण अशी की मेश कधी विमानतळाएवढी नसते, ती संपूर्ण टाइलची असते. मी घेतलेल्या लोहगावच्या एका पॅकेजमध्ये अशी मेश होती. सूचनेप्रमाणे ती ऑर्थोच्या वर ठेवली. विमानतळ सुंदर दिसू लागला आणि मुंबईहून निघून येताना पनवेलपाशी टाइलची सीमा ओलांडल्याबरोबर खालचे छायाचित्र संपून सिमची मूळ, रंगवलेली जमीन सुरू झाली. लोणावळा गेला, खंडाळ्याचा घाट गेला, मुळशीचे पाणी गेले. लोहगावच्या दोन-तीन किलोमीटरांसाठी पनवेलपासून रायगडापर्यंतचा सगळा मुलूख देऊन बसलो होतो. आता नवी मुंबईचा विमानतळही याच टाइलमध्ये येतो, तेव्हा हा सौदा आणखी महाग झाला आहे. ऑर्थो वर आणि विमानतळाची मेश खाली ठेवली तर अर्थातच उलट होते: ऑर्थो येते, ती मेश कधीच वाचली जात नाही.

दोन्ही हवे असतील तर ऑर्थो४एक्सपीच्या ‘पॅचेस’ या फोल्डरचा मार्ग आहे. तेथे त्या टाइलसाठी उंचीची दुरुस्ती सांगणारी फाइल ठेवली की टाइल बनतानाच तो उतार तिच्यात बसवला जातो आणि वेगळ्या मेशची गरज राहत नाही. काही सीनरीकार अशी फाइल सोबत देतात. ती असेल तर टाइल पुन्हा बनवण्याचा वेळ खर्च करावा. सगळी टाइल पुन्हा डाउनलोड होईल अशी भीती बाळगू नये. छायाचित्रे आधीच डिस्कवर असतील तर ती पुन्हा उतरवावी लागत नाहीत.

माझ्या पॅकेजसोबत अशी फाइल नव्हती. म्हणून मी लोहगावच्या मेशच्या ओळीला ‘डिसेबल्ड’ लावले आणि ऑर्थो ठेवली. ॲप्रनच्या पूर्वेकडच्या कोपऱ्यात जमिनीला किंचित फुगवटा दिसतो आणि तेथे उभ्या केलेल्या ट्रकची दोन चाके अधांतरी राहतात. मी विमान पश्चिमेकडच्या स्टँडवर उभे करतो.